‘इन कॅमेरा’तला कॅमेरा

‘चेंबर’ आणि ‘कॅमेरा’ ही सख्खी भावंडं. ग्रीक ‘कमारा’ म्हणजे कमानदार छत. त्यावरून लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’, तसल्या छताची खोली. फ्रेंचमधून झिजत इंग्रजीत पोचलेलं त्याचं रूप म्हणजे चेंबर. पंडितांच्या लिखाणात लॅटिन रूप तसंच राहिलं. प्रकाशशास्त्रावरच्या १६०४ च्या ग्रंथात ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे अंधारी खोली, येते. पुढे खोलीची पेटी झाली, १८३९ मध्ये छायाचित्रणकला जगापुढे आली आणि कॅमेरा हे यंत्राचंच नाव झालं. चेंबर मात्र वकिलांचं, न्यायाधीशांचं, अगदी गटाराचंसुद्धा झालं.

कायद्यात जुना अर्थ टिकला. ‘इन कॅमेरा’ सुनावणी म्हणजे बंद दालनातली. दार कधी लावायचं, हा वाद जुनाच. विवाह रद्द करण्याच्या एका इंग्लिश खटल्यात बंद दालनातल्या कामकाजाच्या प्रती पत्नीने इतरांना दाखवल्या. तो अवमान ठरला. १९१३ मध्ये वरिष्ठ न्यायपीठाने तो निर्णय फिरवला आणि खुलं न्यायालय हाच नियम असल्याचं बजावलं.

आपल्याकडचा पेच मुंबईतला. बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराने, वृत्तांत छापल्याने धंद्याचं नुकसान होतं, अशी तक्रार केली. उच्च न्यायालयाने साक्ष छापू नये असं तोंडी सांगितलं. पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये ९ न्यायमूर्तींपैकी ८ जणांनी तो आदेश मूलभूत हक्कांवर घाला नाही असं ठरवलं. गरज पडल्यास दार लावण्याचा अधिकार न्यायालयाला मुळातच आहे, असंही म्हटलं. पण इथे दार लावलंच नव्हतं! लोक बसून ऐकत होते, फक्त छपाई बंद होती. मला त्या एकट्या विरोधी मताचं वजन अधिक वाटतं.

देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्यात पोलिसांना निर्दोष सोडणारा १९७८ चा निकाल देशभर संताप उसळवून गेला. त्यातून झालेल्या १९८३ च्या दुरुस्तीने बलात्काराचे खटले बंद दालनात चालवणं सक्तीचं केलं.

गुंता झाला तो बातम्यांत. कोठडीतल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण करावं, अशी शिफारस १९९५ मध्ये झाली. असं चित्रीकरण आपली वर्तमानपत्रं सर्रास ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ म्हणून छापतात. म्हणजे एकाच पानावर हा शब्द एकदा ‘कुणी पाहू नये म्हणून’ आणि एकदा ‘सर्वांना पाहता यावं म्हणून’ वापरलेला असतो. ‘तुझी साक्ष इन कॅमेरा होईल’ हे ऐकणाऱ्या मुलीला चित्रीकरणाची धास्ती वाटली, तर चूक तिची नाही. तिला ‘बंद दालनात’ असंच सांगावं, छापावंही तसंच.