बीबीसी रेडिओला विनोदी स्किट पाठवताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे स्किट वाचायला देणारे बहुतेक ग्राहक ब्रिटनमध्ये राहतात. कोणी शिकायला गेलेले, कोणी नोकरीत स्थिरावलेले, काहींचा तर जन्मच तिकडचा. घरात मराठी, बाहेर इंग्रजी, आणि लिहायचे ते इंग्रजीत, ब्रिटिश श्रोत्यांसाठी. पहिले स्किट आमच्याकडे देण्याआधी हे पत्रक शांतपणे वाचावे. आमची फी वाचण्याची आणि सुचवण्याची आहे, आणि यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला घरीच करता आल्या तर तुमचे तेवढे पैसे वाचतील.

खुले दार म्हणजे नेमके काय

बीबीसी रेडिओवरचे बहुतेक विनोदी कार्यक्रम ठरलेले लेखक लिहितात. पण तिथे एक जुनी आणि फार चांगली प्रथा आहे: काही कार्यक्रम कोणाही नवख्याचे लिखाण घेतात. एजंट लागत नाही, ओळख लागत नाही, पूर्वी काही छापून आले आहे का हेही कोणी विचारत नाही. रेडिओ ४ वरचा 'वीक एंडिंग' १९७० पासून १९९८ पर्यंत चालला. त्या आठवड्यातल्या बातम्यांवरची स्किट्स असे त्याचे स्वरूप. करार नसलेल्या लेखकांसाठी दर आठवड्याला बैठक असायची आणि तिथे कोणीही जाऊन बसू शकत असे. पुढे नाव कमावलेल्या स्ट्युअर्ट ली आणि रिचर्ड हेरिंग या जोडीने सुरुवातीच्या काळात इथेच लिहिले. रेडिओ २ वर रॉय हड यांचा 'न्यूज हडलाइन्स' १९७५ ते २००१ चालला, आणि तोही बाहेरच्या लेखकांचे विनोद घ्यायचा.

आजच्या पिढीला आठवतो तो 'न्यूजजॅक'. तो २००९ मध्ये सुरू झाला. माइल्स जप, जस्टिन एडवर्ड्स, रोमेश रंगनाथन, निश कुमार, अँजेला बार्न्स असे सूत्रधार त्याला वेगवेगळ्या काळात लाभले. स्किट आणि एकोळी विनोद दोन्ही ईमेलने पाठवता यायचे. तो थांबल्यावर 'डीएम्स आर ओपन' आला. अशी मालिका वर्षभर चालत नाही, काही आठवड्यांची असते. ती कधी येणार आणि अटी काय, हे बीबीसीचा नव्या लेखकांसाठीचा विभाग जाहीर करतो. आमच्या नोंदीतल्या ग्राहकांना आम्ही तशी सूचना पाठवतोच, पण मूळ अटी प्रत्येकाने स्वतः वाचाव्यात. वयाची अट असते, पानांची मर्यादा असते, आणि बऱ्याच संधी ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांपुरत्याच असतात. भारतातून पाठवणाऱ्यांनी हे शेवटचे आधी तपासावे.

स्किट पाठवायला बीबीसीला एक पेनीही द्यावी लागत नाही. "आमच्यामार्फत पाठवा, निवड नक्की" असे सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आम्हीही निवडीची हमी देत नाही. तशी हमी कोणालाच देता येत नाही.

कानाने लिहा

आमच्याकडे येणाऱ्या पहिल्या मसुद्यांत सर्वात जास्त आढळणारी अडचण ही. टीव्हीवरची 'हास्यजत्रा' बघत वाढलेल्या लेखकाला चेहरा, चाल, कपडे, मागे उभा राहून तोंडे करणारा तिसरा माणूस हे सगळे गृहीत धरायची सवय असते. रेडिओवर ते काहीच नाही. पात्र बोलले नाही आणि त्याचा आवाजही झाला नाही, तर श्रोत्याच्या लेखी ते खोलीतून निघून गेलेले असते. म्हणून दोन पात्रे उत्तम, तीन चालतील, चौथे आणताना दहा वेळा विचार करा. दोन्ही आवाज ऐकताक्षणी वेगळे वाटले पाहिजेत.

घरातल्या आजी-आजोबांना आकाशवाणी मुंबईचे 'पुन्हा प्रपंच' आठवत असेल तर जरूर विचारा. त्या श्रुतिकेतले टेकाडे भावोजी आले हे कळायला ते कोणाला दिसावे लागत नव्हते. पहिल्याच वाक्याच्या चालीत माणूस उभा राहायचा. तो कान तुमच्याकडे आधीपासून आहे, त्याचा उपयोग इंग्रजी लिहितानाही होतो.

एका उदाहरणाने सांगतो. ब्रिटनमधल्या काही नगर परिषदांनी घरगुती कचरा दोन आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांनी उचलायला सुरुवात केली. या बातमीवर पहिला विचार सगळ्यांना एकच येतो: डबा ओसंडून वाहतोय, वास सुटलाय, नवरा-बायको भांडताहेत. तुम्हाला सुचला म्हणजे त्या आठवड्यात लिहिणाऱ्या इतर सगळ्यांनाही तो सुचलेला असतो, आणि निवडणाऱ्यांसमोर एकाच स्किटच्या ढीगभर प्रती पडतात. तो विचार कागदावर लिहा, बाजूला ठेवा आणि पुढे चला. दुसरा, तिसरा विचार येऊ द्या. समजा असा आला: कचरा अजूनही पंधरवड्याला उचलतात अशा गल्लीतले घर विकणारा एजंट. आता सुरुवात बघा.

एजंट: या, या. घर सापडायला त्रास नाही ना झाला?
ग्राहक: नाही, थोडी रहदारी होती.
एजंट: बसा ना. चहा घेणार?

तीन ओळी गेल्या. आपण कुठे आहोत कळले, पण विनोद अजून दारातच उभा आहे. यातले सगळे काढून टाकले की असे होते:

एजंट: हा दिवाणखाना, हे स्वयंपाकघर. आणि आता जिच्यासाठी तुम्ही एवढ्या लांबून आलात, ती खिडकी.
ध्वनी: खिडकी उघडते. लांबून येणारी गाडी.
पत्नी: खरंच? दर पंधरवड्याला?
एजंट: दर दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सातला. पलीकडच्या गल्लीत तीन आठवड्यांनी. तिथली घरं आम्ही दाखवतच नाही.

पहिल्या ओळीत जागा, पात्र आणि प्रसंग तिन्ही आले. दुसऱ्या संवादात खेळ कळला. आता हा खेळ वाढला पाहिजे. प्रत्येक पायरीवर इथे आणखी मोठे काहीतरी नाही असे एजंट सांगतो आणि गिऱ्हाईक तेवढेच जास्त खूश होते. शेवटाकडे नवरा विचारतो, जवळ शाळा आहे का. एजंट म्हणतो, शाळा नाही, दवाखाना नाही, बस नाही, पण हे ऐका. रिव्हर्स घेणाऱ्या कचरागाडीची पी-पी ऐकू येते. नवरा-बायको एका सुरात: घेतलं.

शेवट आवाजावर आहे, आणि तो फक्त रेडिओवरच पूर्ण रंगतो. असा शेवट सापडत नसेल तर बहुधा कल्पना अर्धवट आहे. अशा वेळी ओळी घासत बसण्यापेक्षा कल्पनेकडे परत जा.

लांबी दोन मिनिटे, फार तर अडीच. इंग्रजी संवाद साधारण मिनिटाला दीडशे ते एकशे ऐंशी शब्दांच्या वेगाने बोलला जातो, त्यामुळे चारशे शब्दांच्या आत राहणे शहाणपणाचे. घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेले नेहमी लवकर संपते.

कागदावरची मांडणी

बीबीसी रेडिओच्या संहितेची ठरलेली पद्धत आहे आणि ती पाळली की वाचणाऱ्याचा वेळ वाचतो. पात्राचे नाव डावीकडे मोठ्या अक्षरांत, संवाद उजवीकडे, ओळींमध्ये भरपूर जागा. ध्वनीसाठी 'एफएक्स' आणि संगीतासाठी 'ग्रॅम्स' लिहितात. हा दुसरा शब्द ग्रामोफोनच्या काळापासून चालत आला आहे. फोनवरचा आवाज असेल तर 'डिस्टॉर्ट' अशी खूण करतात. ध्वनीच्या सूचना थोड्या ठेवा. "दुःखी झालेले दार बंद होते" असे लिहिलेले आमच्याकडे खरोखर येते. दार दुःखी आहे हे वाजवून दाखवता येत नाही. नमुन्याच्या संहिता बीबीसीच्या लेखक विभागाकडे विनामूल्य मिळतात. त्या उतरवून घ्याव्यात आणि वाचाव्यात. आमच्या कुठल्याही टिपणीपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल. जमल्यास रेकॉर्डिंगला प्रेक्षक म्हणूनही जा. बीबीसीची तिकिटे फुकट असतात, आधी मागावी लागतात. प्रेक्षक कुठे हसतात हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टी

चालू खटल्यावर विनोद नको. ब्रिटनमध्ये १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार, अटक झाल्यापासूनच प्रकरण 'चालू' धरले जाते आणि ज्युरीच्या मतावर परिणाम होईल असे काही प्रसारित करता येत नाही. हसू कितीही येवो, ते स्किट बाजूला पडणारच. निवडणुकीच्या काळात एकाच पक्षाला झोडपणारे लिखाणही अडते, कारण तेव्हा बीबीसीवर निष्पक्षतेचे बंधन जास्त कडक असते.

दुसरी गोष्ट चोरीच्या भीतीची. कल्पनेला कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीला असतो. आणि एकाच बातमीवर दोन अनोळखी लेखकांना एकच विनोद सुचणे अगदी रोजचे आहे. रेडिओवर तुमच्यासारखे काही ऐकू आले म्हणून लगेच संशय घेऊ नका. मात्र एकच स्किट एका वेळी दोन कार्यक्रमांना पाठवू नका.

तिसरी गोष्ट आम्ही दरवेळी ठळक सांगतो, विशेषतः विद्यार्थ्यांना. निवड झाली तर पैसे मिळतात. स्किटचा मोबदला मिनिटांच्या हिशेबाने ठरतो आणि त्याचे दर लेखकांच्या संघटनेशी बोलून ठरवलेले असतात. पण ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे, आणि मोबदला घेऊन स्वतंत्रपणे लिहिणे त्यात मोडू शकते. पाठवण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात विचारा. नोकरीच्या व्हिसावर असाल तरी पूरक कामाचे नियम बघा. चार पौंडांसाठी व्हिसा पणाला लावू नका. या बाबतीत आम्ही सल्ला देऊ शकत नाही, तो आमचा प्रांत नाही.

उत्तर येत नाही, मग काय

निवड झाली तर प्रसारणाआधी कळवतात. नाही झाली तर बहुधा काहीच येत नाही. कारण विचारून उपयोग नसतो, वाचणाऱ्यांकडे तेवढा वेळ नसतो. बातमीवरचे स्किट पुढच्या आठवड्यात शिळे होते, म्हणून तेच तासून परत पाठवण्यात अर्थ नाही. नवे लिहा. आमच्या अनुभवात ग्राहकांची खरी प्रगती होते ती इथेच. मालिका चालू असेपर्यंत दर आठवड्याला एक पूर्ण स्किट पाठवणारा लेखक शेवटच्या भागापर्यंत ओळखू न येण्याइतका सुधारलेला असतो, मग एकही निवडले गेलेले नसो. म्हणून आम्ही ग्राहकाकडून एकच सुंदर स्किट मागत नाही, पूर्ण मालिकेची तयारी ठेवायला सांगतो. अर्धा तास एकोळी विनोदांसाठीही ठेवा. एका ओळीत बसणारा विनोद नव्या लेखकाला आत जायचा सर्वात जवळचा रस्ता आहे, आणि त्याने वाक्य छाटायची सवय लागते.

आम्ही काय करतो

स्किट मिळाले की आमच्यापैकी दोघे ते वेगवेगळ्या भूमिकेत मोठ्याने वाचतात आणि ते वाचन ध्वनिमुद्रित करून तुम्हाला पाठवतात. कुठे अडखळलो, कुठे हसू आले, कुठे कोण बोलतोय ते कळले नाही, हे त्यात ऐकू येते. सोबत लेखी टिपणी असते आणि संहितेची मांडणी दुरुस्त करून देतो. तुमच्या जागी विनोद लिहून देत नाही. तुमच्या नावाने आमची ओळ गेली तर पुढच्या आठवड्यात तुमच्या हाती काहीच उरणार नाही.

एका फीमध्ये दोन फेऱ्या होतात: पहिले वाचन, आणि तुम्ही बदल केल्यावर दुसरे. तिसरी फेरी आम्ही घेत नाही, कारण तिसऱ्या फेरीपर्यंत बातमी जुनी झालेली असते.

वेळेचा हिशेब नीट ठेवा. आमचे कार्यालय पुण्यात आहे. ब्रिटनमध्ये दुपारचे बारा म्हणजे इथे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार. त्यांची घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. सोमवारी दुपारी बाराची मुदत असेल तर पहिला मसुदा आम्हाला शनिवारी तुमच्याकडच्या सकाळी मिळाला पाहिजे. रविवारी रात्री आलेल्या मसुद्याला आम्ही फक्त मांडणी तपासून देऊ, आणि फी निम्मी घेऊ.