सोयाबीन पिवळं पडलं: लोहाची कमतरता की पिवळा मोझॅक?

सोयाबीन पिवळं दिसलं की ‘व्हायरस आला’ म्हणत कीटकनाशकाचा पंप पाठीवर घ्यायचा, हे मराठवाडा-विदर्भात दर पावसाळ्यात चालतं. उलटंही होतं. खरा मोझॅक, म्हणजे पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग, आलेला असतो आणि त्यावर सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाटल्या रिकाम्या होतात. दोन्हीकडे पैसा वाया जातो.

लोहाच्या कमतरतेबद्दल फार सांगायला नको. जमीन चुनखडीची, सामू (pH) 8 च्या आसपास, वर झड लागून वाफसा (मातीतला हवा-ओलाव्याचा मेळ) गेलेला. जमिनीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही आणि शेंड्याची पानं पिवळी पडतात. खालची पानं आधी पिवळी होत असतील तर नत्राकडे बघा, तो विषय वेगळा.

गफलत होते ती शिरांकडे न बघितल्यामुळे. शेंड्याकडचं पान तोडून उजेडासमोर धरा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी स्वच्छ जाळी दिसली तर लोह. मोझॅकचा पिवळेपणा शिरांपाशी थांबत नाही. मुख्य शिरेच्या आसपास वेडेवाकडे चट्टे उठतात, शिरांवरून पसरतात आणि पान हिरव्या-पिवळ्या ठिगळांचं होतं. लोहाच्या पानाचे दोन्ही अर्धे साधारण सारखे दिसतात, मोझॅकचे नाहीत. एक अडचण मात्र आहे. कमतरता फार वाढली की शिराही फिकट होतात, पान पांढुरकं पडतं आणि ही परीक्षा फसते. अशा वेळी त्याच पट्ट्याच्या कडेचं, नुकतंच पिवळं पडू लागलेलं झाड निवडा.

मग शेताकडे बघा. लोहाचा पिवळेपणा पट्ट्यांत असतो: पाणी साचणारा खोलगट भाग, चुनखडीचा तुकडा. मोझॅकमध्ये हिरव्यागार झाडाला खेटून एखादंच पिवळं झाड दिसतं. पान उलटून पांढरी माशी शोधा, कारण रोग तीच पसरवते.

लोहासाठी आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येताच कोळपणी करा. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून फवारा, गरज वाटल्यास 8-10 दिवसांनी पुन्हा. फेरस सल्फेटचे खडे फिकट हिरवे हवेत. तांबूस पडलेला माल घेऊ नका, त्यातलं लोह पानाला मिळत नाही. याच पंपात 19:19:19 हे नत्र-स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत ओतायची सवय तर सोडाच, त्यातल्या स्फुरदामुळे लोह साक्याच्या रूपात तळाला बसतं. युरिया फेकूनही ही कमतरता जात नाही.

मोझॅक झालेलं झाड कोणत्याच फवारणीने बरं होत नाही. ते दिसताच उपटा आणि पुरून टाका. एकरी 64 पिवळे चिकट सापळे लावा. माशी दिसत असेल तर थायमिथोक्झाम 12.6 टक्के अधिक लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन 9.5 टक्के हे मिश्र कीटकनाशक एकरी 50 मिली फवारा, पानांच्या खालच्या बाजूला पोचेल असं. हा रोग मूग-उडदावरही येतो, म्हणून शेजारच्या शेतात ती पिकं पिवळी दिसत असतील तर त्या बांधाकडच्या ओळी रोज तपासा.