पॉवर बटण दाबल्यावर नेमके काय घडायला हवे?

डेस्कटॉप संगणकाचे पॉवर बटण दाबल्यावर पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, तेव्हा बहुतेकांचा पहिला अंदाज 'मदरबोर्ड गेला' असा असतो. तो अनेकदा चुकतो, कारण ते बटण काय करते याविषयीची आपली कल्पनाच जुनी असते. इंटेलने १९९५ साली एटीएक्स ही मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायची प्रमाण रचना आणली. त्यापूर्वीच्या संगणकांत बटण खरोखरच मुख्य वीजपुरवठा जोडत किंवा तोडत असे. एटीएक्समध्ये ते मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते, एवढेच. वीज सोडायची की नाही हे ठरवणारी यंत्रणा वेगळी आहे आणि ती संगणक बंद असतानाही काम करत असते.

ही यंत्रणा चालते पॉवर सप्लायमधून, म्हणजे ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो त्यातून, सतत येणाऱ्या ५ व्होल्टच्या स्टँडबाय पुरवठ्यावर. बटण दाबल्याचे मदरबोर्डला कळले की तो २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली एक तार, परंपरेने हिरवी, शून्य व्होल्टवर ओढतो. ती खाली ओढली गेली की पॉवर सप्लायचा मुख्य भाग जागा होतो आणि १२, ५ व ३.३ व्होल्ट देऊ लागतो. हे व्होल्टेज स्थिरावल्यानंतर साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत सप्लाय करड्या तारेवरून 'सर्व ठीक' असा संकेत पाठवतो, आणि तो मिळाल्यावरच प्रोसेसर पहिली सूचना वाचतो. साखळी कुठे तुटली हे शोधणे, एवढेच आपले काम उरते.

सुरुवात अर्थातच भिंतीतल्या सॉकेटपासून करावी. त्याच सॉकेटवर दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे, एक्स्टेन्शन बोर्ड वगळून पाहावा, केबल बदलावी आणि सप्लायच्या मागे असलेला छोटा स्विच चालू आहे ना हे तपासावे. त्यानंतर केबल काढून पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. हा उपाय जादूटोण्यासारखा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. शॉर्ट किंवा जास्त व्होल्टेज जाणवले की सप्लाय स्वतःला बंद करून घेतो, आणि अनेक सप्लाय आतला उरलेला विद्युतभार निचरून जाईपर्यंत पुन्हा प्रयत्न करत नाहीत. बटण दाबून धरल्याने तो निचरा लवकर होतो.

तरीही काही घडले नाही, तर मदरबोर्डवरचा छोटा स्टँडबाय दिवा पाहावा. मात्र तो सगळ्याच बोर्डांवर नसतो. दिवा लागत असेल तर स्टँडबाय पुरवठा बहुधा शाबूत आहे आणि संशय बटणावर जातो. कॅबिनेटचे बटण अडकते किंवा त्याची वायर निसटते, हे वाटते त्याहून सामान्य आहे. बोर्डवर बटणाची वायर ज्या दोन पिनांवर बसते ती काढून त्या पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श केला आणि पंखे फिरू लागले, तर दोष बटणाचा. पिना मात्र बोर्डच्या पुस्तिकेत पाहूनच ओळखाव्यात.

दिवा लागत नसेल, तर मल्टिमीटरने त्याच २४ पिनांच्या कनेक्टरमधल्या जांभळ्या, म्हणजे स्टँडबाय पुरवठ्याच्या, तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आहेत का ते मोजावे. सगळ्या वायरी काळ्या असतील तिथे क्रमांक मोजावा लागतो: जांभळी नववी, हिरवी सोळावी. काही कंपन्या मात्र स्वतःचेच वेगळे कनेक्टर वापरतात, तिथे हे क्रमांक लागू होत नाहीत. येथे काहीच नसेल तर सप्लाय संपला असे समजायला हरकत नाही, आणि त्याचे कारणही बहुधा ठरलेले असते. स्टँडबायचा भाग वर्षानुवर्षे अखंड तापत राहतो, त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या घटकांमधला) द्रव हळूहळू सुकतो आणि त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. असा कपॅसिटर चालू मंडलात निभावून नेतो, पण एकदा वीज गेली की मंडलाला नव्याने सुरू करण्याइतका जोर त्याच्यात उरत नाही. म्हणूनच रात्रीपर्यंत उत्तम चाललेला संगणक वीज जाऊन आल्यावर अचानक निष्प्राण झालेला आढळतो. सप्लाय उघडून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब साठतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

बटण दाबल्यावर पंखा किंचित हलून थांबतो, हे लक्षण मात्र निराळे आणि फार बोलके आहे. सप्लाय चालू झाला, कुठेतरी शॉर्ट दिसला आणि संरक्षक मंडलाने लगेच माघार घेतली, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. अशा वेळी ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, यूएसबी उपकरणे, सगळे काढून फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी ठेवावी. बोर्डखाली पडलेला एखादा स्क्रूही पुरेसा असतो, म्हणून बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून पाहणे फायद्याचे ठरते.

पंखे नीट फिरत राहतात पण पडद्यावर काही येत नाही, ही तक्रार वीजपुरवठ्याची असेलच असे नाही. तिथे आधी रॅम काढून पुन्हा घट्ट बसवावी आणि प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर जोडलेला आहे ना हे पाहावे. तो सुटला तर पंखे फिरतात, पण प्रोसेसरला वीजच मिळत नाही. मदरबोर्डवरच्या ३ व्होल्टच्या सेलला लोक उगाच दोष देतात. तो संपला की सहसा घड्याळ आणि सेटिंग्ज विसरली जातात. त्यामुळे संगणक चालूच न होणे काही बोर्डांपुरतेच आहे.

किमान भागांवर संगणक सुरू झाला, तर उरलेले भाग एकेक करून परत जोडावेत, आणि प्रत्येक वेळी आधी केबल काढून स्टँडबायचा दिवा विझेपर्यंत थांबावे. तो लागलेला असताना बोर्डवर ५ व्होल्ट खेळत असतात, आणि तेवढ्यात बसवलेली रॅम जळू शकते.