ओटीतली टोपी: कापडाची आणि कापडासारखी

ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, शिरताना चपला बदलायच्या, कपडे बदलायचे, डोकं झाकायचं. डोक्यासाठी दोन प्रकार दिसतात: खोक्यातून ओढून घ्यायची इलॅस्टिकची फुगीर टोपी आणि घडी घालून ठेवलेली हिरवी, नाडीची टोपी. पहिलीला बरेच जण ‘कागदी टोपी’ म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

ती सहसा कागदी नसते, कापडीही नसते. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक वितळवून त्याचे बारीक तंतू एकमेकांवर पसरतात आणि उष्णतेने दाबून चिकटवतात. विणकाम कुठेच नाही, म्हणून नॉन-वोव्हन. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी झाली तेव्हा याच मालाच्या पिशव्याही तिच्यात आल्या, कारण हाताला कापड लागलं तरी ते प्लास्टिकच. पिशवीबद्दल हे आपल्याला कळलं. टोपीबद्दल अजून कळायचंय. रक्त लागलेली टोपी रुग्णालयाच्या संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून भट्टीत जाते. न लागलेलीही उतरवली की कचराच.

हिरवी टोपी मात्र खरोखर विणलेली. सुती पॉपलिन, उभा-आडवा धागा घट्ट बसलेला. एकदा वापरून टाकायची ती जास्त सुरक्षित, असा सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लुटुपुटूच्या शस्त्रक्रिया मांडून हवेतले कण आणि जंतू मोजले. ताज्या धुतलेल्या कापडी टोपीपेक्षा फुगीर टोपीची छिद्रं मोठी निघाली, आणि ती घातल्यावर जंतूही जास्त पडले. अमेरिकेतल्याच बफेलो शहरात डोक्याला घट्ट बसणाऱ्या टोप्या बंद करून सगळ्यांना फुगीर टोप्या दिल्या होत्या. तिथल्या १५,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर जखमेचे संसर्ग कमी झालेले दिसले नाहीत.

‘ताज्या धुतलेल्या’ हे दोन शब्द मात्र सोडू नका. टोपी स्वच्छ हवी, निर्जंतुक असायची गरज नाही. ती जखमेला किंवा अवजारांना लागत नाही. म्हणून गाऊनसारखी ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्ह करण्यात, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करण्यात, वीज आणि कापड दोन्ही वाया जातात. तिला हवं कडकडीत पाणी: अमेरिकेतला निकष ७१ अंश सेल्सिअस आणि २५ मिनिटांचा आहे. घरच्या बादलीत तो सांभाळणं कठीण, म्हणून धुणं रुग्णालयाच्याच लॉन्ड्रीत व्हावं, असं माझं ठाम मत आहे.

टोपीची रचना या कडक धुलाईपासूनच सुरू करावी लागते. इलॅस्टिक गरम पाण्यात लवकर सैल पडतं; नाडी टिकते, आणि तुटली तर ओवून बदलता येते. म्हणून नाडी बाहेर काढता येईल असा नेफा ठेवावा. कपाळाशी आतून सुती पट्टी हवी, नाहीतर तासाभरात घाम भुवईवर उतरतो. मागे अंबाडा मावेल एवढा घेर हवा. एकाच मापाच्या टोप्या शिवल्या की लांब केसांच्या सिस्टर पुन्हा खोक्याकडे वळतात, आणि सगळा खटाटोप वाया जातो. शिवणीच्या कडा आत दुमडलेल्या हव्यात, म्हणजे दोरे सुटत नाहीत. निव्वळ सुताचे तंतू झडतात. टेरीकॉट कमी झडतं, लवकर वाळतं, पण धुताना प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात सोडतं. दोन्हींत काहीतरी गमवावंच लागतं. मी स्वतः घट्ट विणीचं सूत निवडेन.

कापडी टोपीवर नावही भरतकामाने घालता येतं. सिडनीचे भूलतज्ज्ञ रॉब हॅकेट यांनी २०१७ मध्ये टोपीवर आपलं नाव आणि काम लिहायला सुरुवात केली. मास्कमुळे चेहरे कळत नाहीत. घाईच्या क्षणी नावाने हाक मारता येणं रुग्णाच्या फायद्याचं असतं.

आता ‘पुन्हा वापरता येणारी’ आणि ‘पर्यावरणाला परवडणारी’ यांतला फरक. कापूस पिकवायला पाणी लागतं, धुवायला पाणी आणि इंधन. पाच-सहा धुण्यांत विरून गेलेली टोपी पुन्हा वापरण्याजोगी होती खरी, पण परवडली नाही. खरेदी करताना किमतीआधी ती किती कडक धुण्या सोसते ते विचारावं. आणि माणशी एकच टोपी घेऊन भागत नाही: एक डोक्यावर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात दोरीवर वाळत घालत असाल, तर चौथीही लागते.