कोऱ्या चौकटीत काय लिहायचे?

गेल्या आठवड्यात न्यू जर्सीहून मावसबहिणीचा स्क्रीनशॉट आला. तिचा मुलगा तिथे दहावीला आहे. शाळेच्या पोर्टलवर जीवशास्त्राच्या ओळीत ८८, ८२, ९१ असे गुण होते आणि चौथ्या चौकटीत लाल अक्षरांत 'जमा नाही'. त्याच्या शेजारी गुण: ५०. खाली तिने लिहिले होते, "दादा, प्रयोगाचा रिपोर्ट दिलाच नाही याने, मग हे पन्नास कशाचे?"

तिचा प्रश्न रास्त आहे, आणि अमेरिकेत त्यावर वीस वर्षे वाद चालू आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डग्लस रीव्ह्ज यांनी २००४ मध्ये एका शिक्षणविषयक नियतकालिकात, न दिलेल्या कामाला शून्य गुण देण्याविरुद्ध लेख लिहिला, तिथून या वादाला धार आली. पुढे अनेक शाळांनी ५० हा किमान गुण ठरवला. टेक्सास राज्याने २००९ मध्ये उलट कायदा केला: शिक्षकांवर अशा किमान गुणांची सक्ती करता येणार नाही. त्याविरुद्ध काही शाळा-जिल्हे (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) कोर्टात गेले आणि २०१० मध्ये हरले. कॅनडात एडमंटनच्या एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला २०१२ मध्ये शून्य देणे थांबवायला नकार दिल्यामुळे नोकरी गमवावी लागली; पुढे न्यायालयाने निकाल शिक्षकाच्या बाजूने दिला.

या विषयावर एक फॉरवर्डही फिरतो: 'भारताने शून्य दिले, अमेरिकेने रद्द केले.' असल्या अभिमानाने कोणाचेच भले होत नाही. त्यापेक्षा इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याचे जे नियम लिहिले त्यातला एक वाचावा: संख्येत शून्य मिळवले तर संख्या बदलत नाही. सगळी गोम इथेच आहे. बेरीज बदलत नाही, पण सरासरी काढताना भागायची संख्या एकाने वाढते.

भाच्याचेच गुण घेऊ. ८८, ८२ आणि ९१ यांची बेरीज २६१. तिनाने भागले तर ८७. चौथ्या चौकटीत शून्य लिहिले तर बेरीज २६१च राहते, भागायचे मात्र चाराने: ६५.२५. पन्नास लिहिले तर ७७.७५. तिथल्या बहुतेक शाळांत ९० ला ए, ८० ला बी, ७० ला सी, ६० ला डी आणि त्याखाली एफ, म्हणजे नापास. मुलगा तोच, त्याला येणारे जीवशास्त्रही तेवढेच. पण कोऱ्या चौकटीत काय लिहिले यावर त्याची ग्रेड बी, सी किंवा डी ठरते.

असे का होते हे सी-सॉवर छान दिसते. एक लांब फळी घ्या, तिचे स्वतःचे वजन नगण्य धरा आणि तिच्यावर ० ते १०० खुणा करा. सारख्या वजनाची चार मुले ०, ८२, ८८ आणि ९१ या खुणांवर बसवा. फळी तोलून धरायला टेकू कुठे द्यायचा? बरोबर ६५.२५ वर. एका बाजूची तीन मुले टेकूपासून १६.७५, २२.७५ आणि २५.७५ अंतरावर आहेत, बेरीज ६५.२५. दुसऱ्या टोकाला एकटे मूल ६५.२५ अंतरावर आहे. तरफेचा नियम आपण शाळेत शिकलो: वजन गुणिले टेकूपासूनचे अंतर. शून्यावरचे मूल जड नाही, ते लांब बसले आहे. सरासरी म्हणजे हा टेकूच. म्हणून दूरवरचा एक आकडा तिला ओढत नेतो, आणि नापासाचा पट्टा साठ गुणांचा असेल तर 'दूर' खरोखरच फार दूर असते. ए, बी, सी, डी यांच्या दहा-दहाच्या पायऱ्या तशाच खाली उतरवत गेलो तर डीनंतरची पायरी ५० येते आणि शून्य त्याच्याही पाच पायऱ्या खाली. ग्रेडला ४, ३, २, १, ० असे अंक देणाऱ्या मोजपट्टीवर ते उणे पाच होते!

सावरायचे म्हटले तर? भाच्याला बी ग्रेड परत मिळवायची आहे आणि तो प्रत्येक कामात ८७ मिळवतो असे धरा. चौकटीत शून्य असेल तर त्याला आणखी नऊ कामे लागतील, पन्नास असेल तर दोन.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. सरासरीऐवजी मध्यक घ्या: आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा. ०, ८२, ८८, ९१ यांत मधले दोन ८२ आणि ८८, म्हणून मध्यक ८५. शून्याच्या जागी ५० लिहा, उणे हजार लिहा, मध्यक ८५ वरून हलत नाही. कारण सरासरी प्रत्येक आकड्यापासूनच्या अंतराच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवते, तर मध्यक नुसत्या अंतरांची. वर्ग केला की लांबचे अंतर बेसुमार फुगते. सरासरी बिघडवायला एक आकडा पुरतो. मध्यक हवा तसा पळवायला जवळपास निम्मे आकडे बिघडावे लागतात. डायव्हिंगच्या स्पर्धेत सात परीक्षकांपैकी टोकाचे गुण वगळतात ते याचसाठी. आपल्या दहावीच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मध्येही सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळतो. पण मध्यकाचे हे कणखरपण वर्गात अंगाशी येते: दहापैकी चार कामे न देणाऱ्या मुलाची ग्रेडही फारशी पडणार नाही.

मुळात कोरी चौकट म्हणजे मोजमाप झालेले नाही. हवामान खात्याच्या पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला घेतात. घाटातला रस्ता वाहून गेला आणि निरीक्षक पोचला नाही, तर त्या दिवशीचा पाऊस शून्य मिलिमीटर असे लिहायचे नसते. ते खोटे ठरेल. नेहमीचा पाऊस म्हणून अंदाजाने ५० मिलिमीटर लिहिणेही खोटेच. आणि तो दिवस सरळ सोडून देणेही धोक्याचे, कारण नोंद हुकली ती पाऊस फार झाला म्हणूनच! संख्याशास्त्रात ही गैरहजर नोंदींची सर्वांत अवघड जात मानतात. वर्गातही तेच घडते. ज्याला धडा समजला नाही तोच बहुधा वही देत नाही.

म्हणून मला शून्य पटत नाही आणि पन्नासही पटत नाही. पन्नासचा हिशेब मुलेही करतात. शंभरपैकी शंभर मिळवून फक्त एक पंचमांश कामे दिली आणि बाकीच्यांना पन्नास-पन्नास मिळाले, तर सरासरी बरोबर ६० येते आणि मूल पास होते. शिक्षक चिडतात ते उगाच नाही. दुसरीकडे, थिओडोर केरी आणि जेम्स कॅरिफिओ या संशोधकांनी २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका मोठ्या शहरी शाळेचे सात वर्षांचे गुण तपासले, तेव्हा किमान गुणांमुळे ग्रेड फुगल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. एका शाळेवरून सगळ्या देशाचा निष्कर्ष काढू नये, पण 'शिक्षणाचा सत्यानाश झाला' असे ओरडण्याआधी हे वाचायला हवे. काही शाळा त्या चौकटीत 'अपूर्ण' लिहितात आणि काम पुरे होईपर्यंत मुलाला सोडत नाहीत. शिक्षकाला यात जास्त राबावे लागते, तरी मला हीच पद्धत प्रामाणिक वाटते.

रविवारी भाच्याशी बोललो. प्रयोग यीस्टचा होता: बाटलीत साखरेचे कोमट पाणी आणि यीस्ट, तोंडाला फुगा, आणि दर दहा मिनिटांनी फुग्याचा घेर दोऱ्याने मोजायचा. वही त्याने कॅमेऱ्यासमोर धरली. आठ ओळींपैकी चाळीस आणि पन्नास मिनिटांच्या ओळी रिकाम्या होत्या. "मामा, तेव्हा फुगा निसटला होता. तिथे काय लिहू ते कळेना, म्हणून दिलाच नाही रिपोर्ट." मी म्हटले, तिथे आडवी रेघ मार आणि खाली कारण लिही. त्याने दोन रेघा ओढल्या, खाली 'फुगा निसटला, परत लावला' असे लिहिले आणि पेनाचे टोपण तोंडात धरून आलेखाचा कागद शोधायला उठला.