उचला, पण धक्का न लावता

रोबोटची स्पर्धा म्हटली की सुसाट धावणारी, एकमेकांना ढकलणारी यंत्रं डोळ्यांसमोर येतात. लेगोच्या ठोकळ्यांपासून रोबोट बनवणाऱ्या शाळकरी मुलांच्या 'फर्स्ट लेगो लीग' स्पर्धेचा २०२५-२६ चा विषय मात्र पुरातत्त्व होता. 'अनअर्थ्ड' नावाच्या या खेळातल्या एका कामगिरीत खाणीतून मौल्यवान वस्तू बाहेर काढायची असते. वस्तू निघाली की गुण मिळतात. शेजारचे आधार न पडता उभे राहिले, तर त्याचे आणखी. माझ्या मते सगळ्या खेळाचं मर्म या जादाच्या गुणांमध्ये आहे.

खेळ होतो ते टेबल साधारण आठ फूट लांब, चार फूट रुंद. वेळ अडीच मिनिटं. रिमोट नाही. रोबोट एकदा निघाला की मुलांनी आधी लिहिलेल्या प्रोग्रॅमवरच चालतो. त्याला मध्येच हात लावून थांबवलं तर गुण जाऊ शकतात.

आपण कुठे आहोत हे त्याला कसं कळतं? मुख्यतः चाकांचे फेरे मोजून. ५६ मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात सुमारे १७.६ सेंटिमीटर पुढे जातं, हे गणित सोपं आहे. पण चाक जरा घसरलं की हिशेब चुकतो. दिशा फक्त एक अंशाने चुकली, तरी मीटरभर अंतरावर रोबोट पावणेदोन सेंटिमीटर बाजूला पोहोचतो. तेवढ्याने तो आधाराला धडकू शकतो. म्हणून मुरलेले संघ रोबोट मुद्दाम टेबलाच्या कडेला टेकवून सरळ करतात, किंवा रंग ओळखणाऱ्या सेन्सरने टेबलावरच्या चटईवरची काळी रेघ पकडून नव्याने मोजायला लागतात. चूक पूर्णपणे टाळता येत नाही. ती साचू द्यायची नसते.

दुसरी अडचण जडत्वाची. मोटर एकदम पूर्ण वेगाने सुरू केली की पुढचा हात हिसका खातो आणि त्यात धरलेली वस्तू डुलते. वेग हळूहळू वाढवला आणि तसाच हळूहळू उतरवला, तर तेच यंत्र शहाण्यासारखं वागतं. दात्यांची छोटी-मोठी चक्रं जोडून हाताची गती कमी केली की ताबाही वाढतो. अडीच मिनिटांत मुद्दाम संथ राहायचं, हे मुलांना सहजासहजी पटत नाही.

खऱ्या वारशाच्या जागी तर दुसरी संधीच नसते. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये जेमतेम २० सेंटिमीटर रुंदीची चौकोनी नळी आहे. माणूस तिच्यात शिरूच शकत नाही. १९९३ मध्ये जर्मन अभियंता रुडॉल्फ गँटेनब्रिंक यांचा 'उपुआउत-२' हा रोबोट त्या चढत्या नळीत सरकत गेला आणि तांब्याच्या दोन खुंट्या असलेल्या दगडी पाटीपाशी अडला. पुढे २००२ मध्ये दुसऱ्या रोबोटने पाटीला छोटं भोक पाडलं. त्या भोकातून 'जेदी' रोबोटने सापासारखा वाकणारा कॅमेरा आत घातला, आणि मागच्या पोकळीतल्या लाल खुणांची चित्रं २०११ मध्ये जगापुढे आली.

समुद्रातली गोष्ट आणखी नाजूक. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ १६६४ मध्ये बुडालेल्या 'ला ल्यून' जहाजापाशी २०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचा 'ओशनवन' हा रोबोट उतरला. त्याच्या हातांना जाणवणारा दाब वर बोटीवर बसलेल्या चालकाच्या हातांपर्यंत पोहोचत होता. त्यामुळे एक लहानसं भांडं किती घट्ट धरायचं, हे चालकाला स्पर्शाने ठरवता आलं. लेगोच्या रोबोटला असा स्पर्श नसतो, म्हणून मुलं पकडीचा आकारच असा बनवतात की वस्तू दाबावी न लागता आपोआप अडकावी.

२०२३-२४ मध्ये याच स्पर्धेचा विषय कला होता, नाव 'मास्टरपीस'. त्यात रंगमंचावरचा देखावा बदलणं, ध्वनिमिश्रण अशा कामगिऱ्या होत्या. मुलांनी स्वतः घडवलेली कलाकृती संग्रहालयाच्या ठरलेल्या जागेत पोहोचवायची, ही मला सगळ्यांत आवडलेली.

या स्पर्धेत टेबलावरच्या खेळाइतकंच वजन संघाच्या संशोधन-प्रकल्पाला असतं. 'अनअर्थ्ड'मध्ये पुरातत्त्वज्ञांना भेडसावणारी एखादी खरी अडचण शोधून तिच्यावर उपाय सुचवायचा होता. इथे घाईघाईने एखादं अ‍ॅप सुचवून मोकळं होण्याचा मोह फार. उत्खननावर काम करणाऱ्या माणसाशी आधी बोललेला संघ परीक्षकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच ओळखू येतो, कारण तो उपायाआधी माती, ओल आणि मोडलेल्या खापरांविषयी बोलू लागतो.