गूळ मातीसारखा लागतो तेव्हा

हंगामात कोल्हापुरात गुळाला तोटा नाही, त्यामुळे हा प्रयोग फुकटात होतो. बेडकीच्या पाल्याची दोन ताजी पानं मिनिटभर चावायची, चोथा थुंकायचा, चूळ भरायची आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचा. मी टाकला तेव्हा वाटलं, ढेपेतला खडा समजून शेतातलं ढेकूळच उचललं की काय! नुसता खरबरीत लगदा, गोडीचा पत्ता नाही. चहाही मचूळ. अर्ध्या-पाऊण तासाने जीभ भानावर आली.

बेडकी म्हणजेच गुडमार, सह्याद्रीच्या रानात झाडांवर चढणारी वेल. तिच्या पानांतली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोडी ओळखणाऱ्या प्रथिनांना चिकटतात आणि साखरेची वर्दी मेंदूपर्यंत पोचतच नाही. तांबडा रस्सा मात्र तेव्हाही झणझणीतच लागतो.

गल्लत होते ती इथेच. जिभेला गोड लागलं नाही म्हणून रक्तातली साखर कमी होत नाही. तो खडा पोटात जाऊन पुरता पचतो. आतड्यातही ही आम्लं ग्लुकोजच्या शोषणाला आडवी येतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांवर झालेले अभ्यास लहान आहेत. पण रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांचं गणित सोपं असतं: कडू खाल्लं की शुगर उतरते. कडूपणाचा आणि साखरेचा असा काही करार झालेला नाही. कडू निघालेल्या दुधीचा रस पिऊन तर माणसं दगावलीत, त्यातल्या कुकुर्बिटासिन या विषारी कडू द्रव्यामुळे.

त्यापेक्षा मेथीदाणा सरळ वागतो. रात्री भिजत घातला की सकाळी बोटांना बुळबुळीत लागतो ना, तो त्यातला विद्राव्य तंतू. पोटातही तो असाच फुगतो आणि भाताची साखर रक्तात सावकाश उतरते.

झाडपाल्याला नावं ठेवायचं कारण नाही. युरोपातल्या गलेगा नावाच्या झुडपातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी निघालं. त्याच्याच रासायनिक भावकीतलं मेटफॉर्मिन पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहासाठी पुढे आणलं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन हाती लागलं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी आजची ग्लिफ्लोझिन औषधं त्याच्याच नमुन्यावर बेतलेली.

फरक मापाचा आहे. गोळीवर ५०० मिलिग्रॅम छापलेलं असतं, पानावर काय छापणार? राधानगरीच्या रानातली वेल आणि परसातली वेल सारख्याच ताकदीची असेल, याची हमी कोण देणार? शिवाय मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना वर पाला सुरू केला आणि डॉक्टरांना सांगितलंच नाही, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते: हातापायांना कंप, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी आधी साखरपाणी द्यायचं, नाहीतर गूळ. बेडकीच्या पाल्यामुळे तो मातीसारखा लागला, तरी साखर चढवायचं आपलं काम तो चोख करतो.